उकरायची राहिलेली माती

॥ श्री ॥

मंगरूळ,
ता. २४ नोव्हेंबर १९३८

ती. रामदादांचे चरणी धाकट्या रुख्मिणीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडील सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे, पण आज ते लिहवत नाही. मागल्या पत्रात मी एक गोष्ट चूक कळवली, ती आधी दुरुस्त करते. आपला धाकटा दौलत आत्याच्या विहिरीवर पाय घसरून पडला, असे मी लिहिले होते. तो विहिरीवर पडला नाही. शाळेच्या आखाड्यात तो मानेवर पडला. मला सांगितले तेच मी लिहिले, पण विचारपूस न करता लिहिले. तुम्ही ते धनजला घरी आबांना कळवलेही असेल, या विचाराने मला लाज वाटते.

खरे असे झाले. कापूस फुटल्यापासून शाळेतली मुले एकेक करून वेचणीला गेली. आखाड्यात आता चौघेच येतात. रोज सकाळी फावड्याने माती उकरून भुसभुशीत करायची, मगच लंगोट कसायचा, हा जमशेद उस्तादांचा नियम तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक. पण चौघांनी एवढा मातीचा हौद उकरायचा कसा? ते मधला तेवढा उकरू लागले आणि कडा तशाच सोडू लागले. उस्ताद बैलांच्या बाजाराला शेलूबाजारला गेले होते, त्या दिवशी किराणावाल्यांच्या मुनाफने ढाकेचा डाव मारला आणि दौलत कडेच्या कडक मातीवर डोक्यावर आला. मुनाफ रडला म्हणे. मग चौघांनी मिळून विहिरीचे खोटे सांगायचे ठरवले.

मला हे कळले ते सोमवारी सकाळी. आत्याने चुलीवर चहाचे भगोने ठेवले होते. दौलतने ते डाव्या हाताने, फडके न घेता, उचलून खाली ठेवले आणि बोलत राहिला. मला कातडी करपल्याचा वास आला. मी ओरडले तेव्हा त्याने हाताकडे पाहिले. दादा, त्याला कळलेच नव्हते. दोन बोटांवर फोड आले आणि तो हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते. मग सगळे बाहेर आले. पडल्यापासून ती दोन बोटे मेल्यासारखी आहेत, आणि मान मागे टाकली की खांद्यातून वीज उतरते.

वाशीमच्या शाळांच्या सामन्यांना पाच गडी न्यावेच लागतात. गेल्या वर्षी आपली शाळा चारच घेऊन गेली तेव्हा सांभाळून घेतले. यंदा कमी पडले तर शाळेचे नाव कायमचे कमी होणार, आणि हेडमास्तर आखाड्याची जागा कवायतीच्या सामानाला देणार. चौघे आहेत ते दौलतला धरून. पाचवा अजून शोधताहेत आणि दौलत त्यांना धीर देतो आहे. त्याने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली आहे की मी उस्तादांना सांगायचे नाही. तुम्हाला सांगू नये असे म्हणायला तो विसरला, म्हणून तुम्हाला लिहिते. ही पळवाट आहे हे मला कळते.

तुमचे तो ऐकतो. दोन ओळी त्याला लिहा की यंदा उतरू नकोस. माझ्या मनाला दुसरे काही सुचत नाही. वहिनींना नमस्कार. आहे तसाच जीव बहिणीवर असू द्यावा.

तुमची,
रुख्मिणी

*

अकोला, कापसाच्या जिनातून
ता. २७ नोव्हेंबर १९३८

चि. रुखमाबाईले रामरावाचे पोटभर आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. एकदा वाचून घाम फुटला, दुसऱ्यांदा वाचून हसू आलं. लहानपणी गोठ्यातल्या वासराचं नाक ओलं दिसलं तरी तू त्याले ताप आला म्हणून रडत होती. आता सातवी पास झाली, मास्तरीण झाली, तरी वासराचं नाक काही सुटलं नाही.

बाई, मान आखडली का बोटं बधिर होतातच. मायी बी झाली होती. जमशेद उस्तादानं हनुवटी एका हाती धरली, डोकं दुसऱ्या हाती, कडकन आवाज काढला, आन दुसऱ्या दिवशी मी जत्रेत दोन कुस्त्या मारल्या. म्हणून मी कालच उस्तादाले पोस्टकार्ड टाकलं का पोट्ट्याची मान आखडून राह्यली, वाशीमले जायच्या आंधी मोकळी करून द्या. बोटाचं लिहिलं नाही. कायले लिहू? उस्ताद त्याले बाजूले बसवून ठेवन, आन मंग गडी कुठून आणता?

त्या हौदाची माती मी आन उस्तादानं गाडीनं आणली. तेल, ताक, हळद घालून महिनाभर मुरवली. मी तिसरीत शाळा सोडली, पण तो आखाडा शाळेत हाये म्हणून शाळा मले आपली वाटते. तो बंद झाल्यावर कुनब्याचं, तांड्यावरचं, किराणावाल्याचं पोट्टं एका मातीत कुठं येईन, सांग.

तू भेली त पोट्टं बी भेईन. घरात हसून राहत जा. त्याच्यासाठी नवा लंगोट धाडतो, आन तुयासाठी पुस्तक पाहून राह्यलो. आत्याले दंडवत. दादाले विसरू नको, रागावली तरी.

रामराव

*

मंगरूळ,
ता. २९ नोव्हेंबर १९३८

ती. दादाले दौलतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

लंगोट भेटला. मुनाफ म्हणते का एवढ्या लाल लंगोटात तू हरला त लोकं लंगोटाले हसतीन. आमाले पाचवा भेटला. इंग्रजी पहिलीतला फुलचंद. सावकाराचं पोट्टं, तुपावर वाढलेलं, पण माती पाहिली का शिंकते. उस्ताद म्हणाले, शिंकत का होईना, उभा राहू दे.

ताई माह्याकडं असं पाहते जसा मी फुटायले आलेला माठ हावो. मी पाणी प्यालो तरी पाहते. तिनं तुमाले काय लिहिलं मले माहीत नाही, पण अर्धंच खरं माना. उस्ताद रोज तालमीआंधी प्रत्येकाले विचारतात का हाताले मुंग्या येतात का. मी नाही म्हणतो. मुंग्या येतच नाहीत, मंग खोटं कुठं झालं?

मुनाफ त्या दिवसापासून माह्याशी जोरानं धरत नाही. नुसता हात लावते. मले राग येते.

एक विचारू? जत्रेच्या आंधी तुमची मान आखडली होती, तवा बोटं किती दिवसांनी जागी झाली होती? ताईले सांगू नका मी विचारलं म्हणून.

सहा तारखेले वाशीमले या. वहिनीले बी आणा. पाठीवर हात असू द्या.

तुमचा,
दौलत

*

॥ श्री ॥

मंगरूळ,
ता. १ डिसेंबर १९३८

ती. दादांस रुख्मिणीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र परवा मिळाले. तुम्ही उस्तादांना पोस्टकार्ड टाकले, ते टाकायला नको होते. हे रागाने लिहीत नाही, भीतीने लिहिते. अक्षर वाकडे आले तर समजून घ्यावे.

काल शाळा सुटल्यावर मी सरकारी दवाखान्यात गेले. माझ्या वर्गातली एक मुलगी झाडावरून पडली असे डॉक्टरांना सांगितले. हे खोटे होते, आणि तेही मी त्यांना जाऊन दुरुस्त सांगणार आहे. त्यांनी दोन बोटांचे ऐकले आणि लिहिता लिहिता थांबले. म्हणाले की त्या मुलीची मान कोणी चोळायची नाही, कोणी पिरगाळायची नाही आणि तिला पुन्हा पडू द्यायचे नाही. एका झटक्यात चारी हातपाय जाऊ शकतात आणि ते परत येत नाहीत. मुलीला लगेच घेऊन या म्हणाले. मी बरे म्हटले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले.

दादा, तुमची मान आखडली होती. ही आखडलेली नाही. उस्ताद सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या माना मोकळ्या करतात, आणि दौलतची तर तुमच्या सांगण्यावरून आधी करतील. मला वाशीमच्या कुस्तीची भीती होती. आता त्या प्रेमाच्या हातांची जास्त वाटते. उस्तादांचा यात काही दोष नाही. ते रोज विचारतात आणि आपला दौलत रोज नाही म्हणतो.

दवाखान्यातून मी तशीच उस्तादांच्या घरी गेले. ते परत बैलांच्या बाजाराला गेले आहेत, शनिवारी परततील. सुलतानबी चाचींनी मला बसवले, पाणी दिले, आणि सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या की बेटी, मी सांगितलं तर ते पोराले विचारतीन, पोरगं नाही म्हणन, आन ते पोराचं ऐकतीन. तू त्याच्यासमोर सांग. बाईमाणसाने आखाड्यात पाऊल ठेवू नये याची मी त्यांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, दरवाज्यावर उभी राह्य, आवाज दे. आवाजाले कोण अडवते? डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली आहे, ती मी उस्तादांना करायला सांगणार. दौलतचे डोळे बांधायचे आणि एकेक बोट दाबून कोणते ते विचारायचे. मग कोणाला कोणाचा शब्द मानायला नको.

हेडमास्तरांकडेही गेले होते. त्यांनी मला मुलींच्या शाळेचे पाहण्यास सांगितले.

आता गड्याचे. दौलत बसला की परत चारच उरतात, आणि आखाडा माझ्यामुळे गेला असे सगळे म्हणतील. तुम्हीही म्हणाल. म्हणून आज सकाळी आत्याला घेऊन तांड्यावर गेले. सोमला तुमच्या लक्षात असेल, गेल्या वर्षी वाशीमला एकटा जिंकला तो. त्याची आई रुपाबाई त्याला वेचणीतून सोडत नाही, कारण सोडला तर त्याच्या वाटचा कापूस कोण वेचणार? मी म्हटले, आम्ही वेचतो. ती खूप हसली. म्हणाली का मास्तरीणबाई, बोंडाची टोकं नखात गेली का पाटीवर लिहायचं विसरसान. आत्याने तिला सांगितले की मी वेचायला लागले तेव्हा तू पाळण्यात होती. त्यावर ती तयार झाली. आत्या दिवसभर वेचणार, मी सुटी असेल तेव्हा आणि शाळा सुटल्यावर. माझी अट एकच, आणि ती सोमलाने कबूल केली आहे, की आधी पूर्ण हौद कडेपर्यंत उकरायचा. त्याचा सराव सुटला आहे. पडेल तर पडेल, पण मान शाबूत ठेवून पडेल.

आता फक्त शपथ राहिली. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून ती घेतली त्याचे काही बरेवाईट होईल, या भीतीने मला झोप नाही. शपथ पाळली तरी त्याचेच होणार, या भीतीनेही नाही. आपल्या घरात एवढी शिकलेली मी पहिली, आणि कुठल्याही पुस्तकात यावर काही नाही. मी देवाला सांगितले आहे की मोडल्याचा जो दोष असेल तो माझ्या हातांवर येऊ दे, त्याच्या नको.

दौलत कदाचित मला पुन्हा ताई म्हणणार नाही. तुम्ही मात्र म्हणत राहा, एवढेच मागते. वहिनींना नमस्कार, छोट्याला पापा.

तुमची,
रुख्मिणी

ता. क. हे पत्र शनिवारी तुमच्या हाती पडेल. मला थांबवायचे असेल तर तुम्हाला स्वतः यावे लागेल, आणि आलात तर थांबवायच्या आधी त्याची बोटे दाबून पाहा. मी आखाड्याच्या दरवाज्यावर उभी असेन, फावडे घेतलेला सोमला माझ्याबरोबर असेल, रविवारी, ता. ४ डिसेंबरला, सकाळी.