ताई गेली, असं तू लिहिलंस

धाकट्या,

सगळ्यात आधी दारात आलास तो तूच. म्हणजे तू नव्हेस, हिंदी सिनेमात तुझं काम करणारा तो नट. तुझ्याहून वीतभर उंच, आणि चष्म्याला नंबरच नाही. त्याच्या मागून दिग्दर्शक बाई, आणि त्यांच्यामागे सामान घेऊन चौघं. (थांब, आशीर्वाद द्यायचे राहिलेच. अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही कामातून गेले.)

बाईंना मराठी येतं, पण जपून बोलतात. म्हणाल्या, "लेखक मोठा झाल्यावर लहानपणच्या घरी परत येतो, असा सिनेमा आहे. त्यांच्या ताईंचा जुना फोटो हवाय. पत्ता त्यांनीच दिला." मी विचारलं, फोटो कशाला? तर म्हणाल्या, "भिंतीवर लावायला. त्या वारल्या ना." मग आवाज खाली आणून, "तुम्ही त्यांच्या कोण?" काय सांगणार, म्हटलं, "मीच ती. आत या, चपला तिकडे काढा."

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं, शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी. तुझ्या पुस्तकात (बोट ठेवून ठेवून वाचलंय, दीड वर्ष लागलं) तू लिहिलंस, "ताई गेली आणि घरात बोलणारं कुणी उरलं नाही." गेले ती लग्न होऊन, टॅक्सीत बसून, सगळ्यांदेखत. पुस्तक हिंदीत नेणाऱ्याने मला परस्पर वर पोचवलं. मधे 'सासरी' एवढा एक शब्द घालायला तुझी शाई संपली होती का रे?

मेल्यावरही चहा मलाच टाकावा लागला. माझं हे घर त्यांना तुझ्या लहानपणच्या घरासारखंच वाटलं, म्हणून शूटिंगही इथेच करायचं ठरवलं. दिवसभर त्यांनी कपाट इकडचं तिकडे केलं, खिडकी मोजली, माझ्या खुर्चीत एक दिवा बसवला आणि मी उभी. दुपारी पाठ टेकायला मिळाली नाही. घरात इतकी माणसं कितीतरी वर्षांनी आली, मजा आली, पण दमले.

शेवटी बाईंना म्हटलं, आता मला जिवंत करून टाका. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही राहिलात तर मध्यंतरानंतर दाखवायचं काय? तुम्ही गेल्याचं कळतं म्हणून तर तो घरी येतो." म्हटलं, एरवी येत नाही, हे मात्र बरोबर पकडलंत.

मग नटाने विचारलं, तुमचा भाऊ रडायचा कसा? सांगितलं, तोंड उघडं टाकून, नाक बाहीला पुसत. त्याने ओट्याजवळ बसून तसंच रडून दाखवलं. इतकं हुबेहूब, की मी नकळत जवळ जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. अकरा वर्षांनी. (केस नकली होते, हातात आले.)

बाकी इथे सगळं जिथल्या तिथे आहे, कपाट सोडून.

तुझी, अजून असलेली,
ताई

ता. क. बाई म्हणाल्या, लेखकांनी स्वतः सांगितलं तर ताईला जगवू. तेवढ्या दोन ओळी त्यांना लिही.

आणखी ता. क. नको लिहूस. मरू दे मला सिनेमात, तो फार छान रडतो. फक्त तो येतो ते मी नसताना, तू मी असताना ये. आणि त्यांच्या आधी पोच. ती मंडळी शूटिंगला गुरुवारी सकाळी पुन्हा येतो म्हणालीत.