कडेला एक चापट

ब्रोकन हिल, ३ मे १९९३

ती. लायलदादास,
ग्लेनिसचा सा. न. वि. वि.

तिकडे व्हायला गावात थंडी पडली का? इथे माझ्या घरच्या युनिक्स कॉम्प्युटरात जागा संपली. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम अर्धा झालाय. पुरा करून दिला तर अ‍ॅडलेडला त्याच ग्रंथालयात नोकरी पक्की, म्हणजे इथून सुटका. नवी हार्ड डिस्क काही परवडत नाही. खाणीच्या ऑफिसातून काढलेली एक जुनी, विटेसारखी जड, स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

डॅरिल म्हणतो, बायकोला तवा पुरे. गेल्या आठवड्यात त्याने कीबोर्ड माझ्या तोंडावर फोडला. डॉक्टरांना दार लागलं म्हणून सांगितलं. तू चिडू नकोस.

तुझी,
ग्लेनिस

व्हायला, ९ मे

चि. ग्लेनिस,
अ. आ.

जुनीच घे. असल्या डिस्क मरता मरत नाहीत. फक्त थंडीत आतली चकती चिकटते, फिरत नाही. मग कडेला हाताने एक चापट द्यायची, आम्ही सगळे तेच करतो.

आणि काय गं, तुझ्या घरात दारं आहेत तरी किती? दर महिन्याला एक लागतं. त्या हलकटाचे हात मोडून त्याच्याच गळ्यात बांधतो, तू फक्त हो म्हण.

तुझा,
दादा

ब्रोकन हिल, २० जून

ती. दादास,
सा. न.

डिस्क झकास चाललीय. सकाळी चापट दिली की उठते. पण तुझं पत्र डॅरिलच्या हाती लागलं. पबमध्ये दोस्तांना त्याने ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. म्हणाला, मेहुण्यानेच उपाय लिहून पाठवलाय. आता जेवणाला उशीर झाला की कडेला एक. डाव्या कानाने मला ऐकू येईनासं झालंय. प्रोग्रॅम संपतच आलाय, तेवढं थांब.

ग्लेनिस

व्हायला, २४ जून

चि. ग्लेनिस,

थांबत नाही. शनिवारी गाडी घेऊन येतो, सोबत टायर काढायची पहार. त्याला म्हणावं, मेहुणा यावेळी उपाय हातात घेऊन येतोय.

दादा

अ‍ॅडलेड, २ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं जिवंत आहे एवढंच म्हणाले. शनिवारी तुला स्वयंपाकघरात रक्त दिसलं असेल. ते त्याचं.

प्रोग्रॅम संपला त्याच दिवशी त्याने कॉम्प्युटर उचलून अंगणात भिरकावला. केबल तुटून डिस्क तेवढी टेबलावर राहिली. मग केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. माझ्या हाताला डिस्क लागली. कडेलाच मारली दादा, जबड्याच्या. दात फरशीवर पडले. अजून एक मारावीशी वाटली, मारली. बरं वाटलं, ते लपवत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला आणि बस धरली. पोलिसांना सगळं सांगितलं, या वेळी दाराचं नाव घेतलं नाही.

काल ग्रंथालयात डिस्क जोडली. फिरेना. सगळा प्रोग्रॅम त्यातच. तिथल्या प्रमुख विनिफ्रेडबाई फार मायाळू. त्या नेहमीच्या सवयीने डिस्कला चापट द्यायला हात उगारून पुढे झाल्या आणि मी किंचाळले, मारू नका म्हणून. सगळं ग्रंथालय वळून बघायला लागलं. बाईंनी हात खाली घेतला. डिस्क उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि शेजारी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

दुपारी पुन्हा जोडली, तर आपली आपण फिरायला लागली. प्रोग्रॅम होता तसा आहे. सोमवारी कामावर रुजू होते.

पहार टायरसाठीच राहू दे. माया आहेच, ती अशीच ठेव.

तुझी,
ग्लेनिस