सरळ आलेला गर्डर

आबा,

लिंबायतच्या ज्या शेडमध्ये तुम्ही जन्मभर माग चालवले, तिचा एक तरी पूर्ण फोटो असावा असं मला फार दिवस वाटत होतं. तुमचा तिथला एकच फोटो घरात आहे आणि त्यात तुम्ही अर्धेच आहात. शेड लांबलचक, कॅमेरा साधा, कडेला उभ्या माणसाचा खांदा कापला गेला. म्हणून यंदा मी आडवा, लांब फोटो काढणारा रोलचा कॅमेरा घ्यायला निघाले. दुकानदाराने दोन पुढ्यात ठेवले. एकाची लेन्स फोटो घेताना डावीकडून उजवीकडे फिरते. दुसऱ्याची जागेवर राहते, पण तो फार जड. "बेन, पहले फिरणारा ले जाव, एक रोल काढून बघा," तो म्हणाला. "पण आमां सीधी लाईन वांकी आवशे, हं. डोळ्याच्या वर जे आडवं असेल ते मधे फुगणार, कमानीसारखं. एनो स्वभाव छे."

दुपारची वेळ, मी शेडच्या दारात उभी आहे. लहानपणी डबा घेऊन आले की इथेच तुम्ही ओरडायचात, "दारमा उभी नको राहू, वारा अडस." आता तुमच्या मागांवर धाकटा भाऊ आहे. तो लांबून हात करतो, ओठ हलवतो. खडखडाटात काही ऐकू येत नाही. मी सगळी शेड एका फोटोत घेते.

रोल धुऊन आला तेव्हा मी खूश झाले. ट्यूबलाइटची रांग, भिंतीची वरची कड, वायरची पट्टी, सगळं मधे फुगलेलं. वरच्या मजल्याला तोलणारा मोठा लोखंडी गर्डर मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. किती देखणा आलाय, असं म्हणत दोन दिवस मी तो फोटो समोर ठेवून चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी कप हातातच राहिला. जो कॅमेरा डोळ्यावरची प्रत्येक सरळ रेघ मधे वर उचलतो, त्यात सरळ दिसायला गर्डर खरोखर किती खाली आलेला असायला हवा?

भावाला सांगितलं तेव्हा तो हसला. "तुना कॅमेराच वाकडा शे, आक्का." मग त्याने वर पाहिलं आणि हसायचा थांबला. वरच्या मजल्यावर नवी, जड मशीनं बसली आहेत. शेठना सांगितलं तर म्हणाले, मागांवर चढवलेलं सूत, हा चालू ताणा, संपू द्या, मग टेकू लावू. आज जाऊ नको, असं मी सकाळी भावाला म्हटलं. "मी नही गऊ ते तठे दुसरा कोनी उभा ऱ्हाई," म्हणाला, आणि डबा घेऊन गेला. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी नाव बघते, मग उचलते.

हे पत्र मी त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवणार आहे. कळल्यावर सांगायला माझे आणखी तीन दिवस गेले. खात्री करायला दुसऱ्या, लेन्स न फिरणाऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढावा लागला, असं मी सगळ्यांना सांगते. आबा, खात्री मला त्या चहाच्या वेळीच झाली होती. पण शेड बंद पडली असती तर दुसरा कॅमेरा कसा आहे ते मला कळलं नसतं. आणि त्या फोटोसाठी भावाला मधोमध, गर्डरखाली, उभं राहायला मीच सांगितलं.