बंद घराचा स्थिर आकार

॥ श्री ॥

प्रकाशा, २९ जानेवारी २०२६

चि. गोपाल यास सुपडूदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून तू कपाळाला हात लावशील. आपल्या दोघांच्या घरांमध्ये वीतभर भिंत, आणि मी पोस्टाचं तिकीट लावून लिहितो आहे. पण तू अबोला धरलास तो बोलण्याचा. लिहिण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. पोस्टमन छगनने पत्ता वाचला आणि दात काढले. त्याला म्हटलं, बाबा, तुझं काम पत्र पोचवायचं, हसायचं नाही.

तुझ्या व्याह्यांसमोर तुझा कूलर बंद पडला, त्या दिवसापासून तू बोलत नाहीस. फ्यूज मी काढला असं तुझं म्हणणं, तो आपोआप गेला असं माझं. तेव्हा आपल्या दोन्ही घरांत एकच मीटर होता. तू रागाने वेगळा मीटर घेतलास, तेव्हापासून एका भिंतीला दोन मीटर आणि दोन बिलं. असो.

कामाचं लिहितो. तुझी वहिनी गेल्यापासून घर मला खायला उठतं. गुडघ्यांनीही राजीनामा दिला आहे. पोरगा ललित म्हणतो, सुरतेला माझ्याकडे चला, कायमचेच. घराला कुलूप लागेल. पण ललितला कळलं, की घर बंद असलं, एक दिवाही लागला नाही, तरी बिलात स्थिर आकार म्हणून दर महिन्याला पैसे येतच राहणार. तो म्हणतो, अंधाराचे कसले पैसे भरायचे? मीटर कायमचा काढून टाकू, पुढे गिऱ्हाईक पाहून घरही काढू. वायरिंग तुला कळतं, म्हणून विचारतो. मीटर ठेवू की काढू? मी जावं की नाही ते विचारत नाही, फक्त मीटरचं विचारतो.

सौ. गजरास आशीर्वाद. तुझा लोभ मला दिसत नाही, पण असेल असं धरून चालतो.

तुझा,
सुपडूदादा

---

प्रकाशा, २ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप दादांस गोपालचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र मिळालं. छगनने ते तुमच्या ओट्यावरून उचललं, शहाद्याला नेलं, शिक्का मारून आणलं आणि माझ्या ओट्यावर टाकलं. एवढा प्रवास मी वर्षभरात केला नाही.

तुम्ही जावं की नाही यावर माझं काही मत नाही. माणसाने आपल्या मुलाकडे जावं, त्यात मी कोण बोलणार, आणि मी तर बोलतही नाही. मीटरबद्दल मात्र मत आहे. मुळीच काढू नका. एकदा काढला की परत घेताना अर्ज, अनामत, खांबावरून नवी वायर, आणि वायरमनच्या मागे तळोद्यापर्यंत हिंडणं. तो त्याच्या मेव्हण्याकडे तिथेच असतो. शिवाय जिथे मीटरचा लाल दिवा लुकलुकतो, त्या घरात माणूस आहे असं गाव समजतं. तो विझला की पोरं दारात विटा रचून क्रिकेट खेळतात.

फ्यूज आपोआप जात नसतो. असो.

किल्ली माझ्याकडे देऊ नका, मी घेणार नाही. गजराकडे द्या. ती तुमच्यासमोर डोक्यावरून पदर काढत नाही आणि तोंडही उघडत नाही, म्हणजे अबोल्यात ती माझ्यापेक्षा सीनियर आहे. स्थिर आकार भरत राहा. घरावर लक्ष आम्ही ठेवू.

गुडघ्यांना तीळतेल लावावे. आशीर्वाद असू द्यावा, निदान पोस्टाने.

आपला,
गोपाल

---

सुरत, २० एप्रिल २०२६

चि. गोपाल यास अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. सून हेमांगी जीव लावते, नातू मोबाईल लावतो. सातव्या मजल्यावर आहे. खाली पाहिलं की माणसं मुंग्यांएवढी, ओळखीची मुंगी एकही नाही. वरण इथे गोड करतात. त्यांचा दोष नाही, पण माझ्या जिभेचाही नाही.

आता मुख्य गोष्ट. काल ललितच्या मोबाईलवर गावच्या घराचं लाईट बिल आलं. मागच्या वेळी नुसता स्थिर आकार होता. या वेळी युनिट पडलेत! कुलूपबंद घरात! ललित म्हणाला, मीटर बिघडला असेल. मी म्हटलं, थांब. आपला मीटर नवा, तो कोणत्या वेळी किती वीज गेली तेही वेगळं दाखवतो. पाहिलं तर सगळी वीज दिवसा गेलेली, नऊ ते पाच, जेव्हा दरात सवलत असते. रात्री शून्य. म्हणजे घरात जे कोणी शिरतं, ते रात्रीला घाबरतं किंवा महाग विजेला. चोर असता तर रात्री आला असता. भूत असतं तर त्याला बिलाची काय फिकीर? एवढं हिशेबी भूत आपल्याच खानदानातलं असणार. मला तर आपल्या काकांचा संशय आला होता, ते आगपेटीची काडी चिरून दोन करायचे. पण ते काशीला वारले, आणि तिथून कोणी परत येत नाही म्हणतात.

गजराला विचार, किल्ली कुठे असते. ललित चिडला आहे. मीटर काढण्याचा अर्ज त्याने भरून ठेवला, माझी सही तेवढी बाकी. महिनाअखेरीस देतो म्हणालो. मीटर गेला की पुढच्या महिन्यात घरही जाईल, हे मला कळतं. तुलाही कळत असेल.

उत्तर लवकर पाठव. लोभ थोडा युनिटसारखा वाढू दे.

तुझा,
सुपडूदादा

---

प्रकाशा, २५ एप्रिल २०२६

तीर्थरूप दादांस कृतानेक नमस्कार.

काकांना उगाच त्रास देऊ नका. भूत मी आहे.

झालं असं. मार्चमध्ये तुमचं बिल छगनने माझ्याच हातात दिलं. वापर शून्य आणि आकार पुरा. माझं डोकं तापलं. मी विचार केला, खाणावळीत महिन्याचे पैसे आधी भरले, तर जेवायला न जाणारा मूर्ख. तुम्ही पैसे भरता म्हणजे थोडी वीज त्यात आलीच असेल, ती कंपनीला का सोडायची? आपल्या घरात कोणी फुकटचं सोडलेलं नाही. म्हणून गजराकडून किल्ली घेतली आणि दुपारी तुमच्या पंख्याखाली जाऊन बसलो. तुमचे पैसे वसूल करायला. माझा काही फायदा नव्हता. हां, माझं छप्पर पत्र्याचं आणि तुमचं स्लॅबचं, एवढा फरक म्हणाल तर आहे.

आता तुमचं पत्र आल्यावर शहाद्याला वीज कंपनीत जाऊन विचारून आलो. तिथली बाई म्हणाली, काका, स्थिर आकार हे नुसत्या ताटाचे भाडे आहे, भाजी-भाकरीचे पैसे वेगळे. मी दीड महिना ताट समजून भाकरी खात होतो. वाढीव बिल मी भरतो. ललितला सांगा, काकाचं डोकं उन्हाने फिरलं होतं. गजरा तर म्हणतेच, हाऊ माणूस येडा व्हयी गया.

पण दादा, अर्जावर सही करू नका. भाकरीचे पैसे मी देईन, ताट तुमचं राहू द्या.

पपईला भाव बरा आहे. तुमच्या दारातल्या लिंबाला फूल आलं. आशीर्वादाची गरज आहे.

आपला,
गोपाल

---

प्रकाशा, २७ एप्रिल २०२६

तीर्थरूप दादांस गजराचा पदर सांभाळून नमस्कार.

मी तुमच्याशी कधी बोलले नाही, आज लिहिते आहे. यांना माहीत नाही. चूक झाली तर लहान समजून पोटात घाला.

यांनी तुम्हाला पंख्याचं लिहिलं, पण ते अर्धंच. मी एकदा चहा द्यायला भिंतीपलीकडे गेले, तर आत बोलणं चाललेलं. मला वाटलं, कोण शे मधमा? दारातून पाहिलं. तुमची खाट भिंतीशी, हे समोर खुर्चीवर. आणि खाटेशी गप्पा चाललेल्या. पपई कोणाची कितीला गेली, रेवजीच्या मुलाचं लग्न कुठे ठरलं, तापीला पाणी किती उरलं. मध्येच गप्प होतात, जणू तुम्ही उलट काही बोललात. मग चिडतात आणि हात वर करून वाद घालतात. सवलतीची वेळ संपली की उठून म्हणतात, येतो दादा. पंखा बंद करून घरी येतात आणि माझ्यासमोर मुकाट बसतात. सगळं तिकडे बोलून झालेलं असतं, माझ्या वाट्याला नुसता हुंकार.

मी विचारलं, तुमचा तर अबोला आहे ना? तर म्हणतात, तो दादा समोर असताना. खाटेशी कुठे धरला आहे?

मीटर काढायचा तर काढा, घर तुमचं आहे. पण पंखा थांबला तरी हे तिथे बसायचे थांबणार नाहीत, आणि मे महिना तोंडावर आहे. माणूस उन्हाने जाईल, ही माझी खरी काळजी.

हेमांगीला आणि बाळाला माझी आठवण सांगा.

आपली,
गजरा

---

सुरत, २ मे २०२६

चि. गोपाल यास सुपडूदादाचे पोटभर आशीर्वाद.

अर्जावर सही केली नाही. ललित म्हणाला, बंद घराचं भाडं किती दिवस भरणार? मी म्हटलं, घर बंद राहणारच नाही. त्याने डॉक्टरांचं काढलं, मी गुडघे दाखवले. हे दुखतात ते सातव्या मजल्यावरही दुखतातच, मग ओळखीच्या ओट्यावर दुखलेले काय वाईट? पोरगा रागावला, नंतर स्वतःच तिकीट काढून आला. म्हणाला, दिवाळीला आम्हीच तिकडे येऊ. मन मोठं आहे त्याचं, आईवर गेला आहे.

पुढच्या शनिवारच्या गाडीने नंदुरबारला उतरतो. तू स्टेशनावर ये. अबोला तू धरलास म्हणून तू मोडायचा, की मी मोठा म्हणून मी, हा प्रश्न राहतोच. त्यावर माझं म्हणणं बरंच आहे आणि तुझंही असणार. एवढा मोठा वाद पत्रात मावायचा नाही, तो तोंडानेच घालावा लागेल. स्टेशनातून बाहेर पडल्यावर सुरू करू, प्रकाशा येईपर्यंत पुरेल.

वाढीव बिल तू भरायचं नाही. पुढचं आणखी वाढेल, दोघं बसणार म्हटल्यावर.

गजराला सांग, चहा तीन कप ठेवत जा.

तुझ्या लोभाचा पुरावा मिळाला आहे, तेव्हा तो मागत नाही.

तुझा,
दादा

ता. क. तोपर्यंत माझ्या खाटेशी फार बोलू नकोस. गावची सगळी बातमी तिलाच सांगून टाकलीस, तर मी आल्यावर मला काय सांगशील?