वेंडेलचा पार्टनर

८ जून
नदी अजून गढूळच. वर डोंगरात बर्फ वितळतंय. मासेमारी बंद. पण तयारी आत्तापासूनच हवी.
सप्टेंबरात 'एक माशी' स्पर्धा. जोडीने उतरायचं. प्रत्येकाला गळाला लावायला पिसं आणि दोऱ्याची एकच खोटी माशी मिळते. ती हरवली की माणूस बाद. ट्राउट मासा लागला की मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आमच्या कॅन्यनमधले ट्राउट वीतभरच असतात, पण महालबाड.
मी आणि वेंडेल बारा वर्षं पार्टनर. एकदाही जिंकलो नाही. कारण वेंडेल. हात बरा आहे त्याचा, पण मार्गदर्शन लागतं. माझी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली. शेजारच्या सीटवर बसून माणूस कसा घडवायचा ते मला कुणी शिकवायला नको.
संकल्प: यंदा वेंडेलवर जास्त मेहनत घेणे.

१९ जून
पाणी निवळलं. वेंडेलबरोबर पहिला दिवस. नदीवर शांततेला किती महत्त्व आहे, ते त्याला सकाळभर समजावून सांगितलं. तो नुसती मान हलवत होता. मग म्हणाला, क्लेटन, मी जरा वरच्या डोहाकडे जाऊन येतो. मी मागोमाग गेलो. बिचाऱ्याला एकटं वाटायला नको.
मासे: त्याचे दोन (मी गाडीतून टोपी आणायला गेलो तेव्हा). माझा एकही नाही. माझी माशी झाडात अडकली. काठावरचे विलो यंदा फारच पुढे आलेत. जंगल खात्याला कळवायला हवं.

२७ जून
वेंडेलच्या टायरच्या दुकानात जाऊन आलो. एका ट्रकच्या चाकामागे वाकून तो म्हणाला, यंदा आपण वेगवेगळे उतरू या का? म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, असंच. बदल म्हणून.
मी काय ते ओळखलं. कॉन्फिडन्स गेलाय त्याचा. आपल्यापायी क्लेटन दर वर्षी हरतो, हे मनाला लागलंय. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, वेड्या, मी तुला सोडणार नाही. तो पुन्हा चाकामागे वाकला तो वर आलाच नाही. डोळे पुसत असावा.

४ जुलै
आमच्या अंगणात बार्बेक्यू. वेंडेलने माझ्यादेखत माझ्या बायकोला विचारलं, मर्ना, स्पर्धेला माझ्याबरोबर उतरतेस? मी इतका हसलो की ठसका लागून कोबीची कोशिंबीर नाकात गेली. मर्ना म्हणाली, उतरते की, त्यात काय. वेंडेल म्हणाला, मग ठरलं.
हसलं कुणीच नाही. एवढी सरळ तोंडाने थट्टा करायची म्हणजे कमालच आहे. मर्नाने जन्मात कधी गळाची काठी हातात धरलेली नाही.

१२ जुलै
थट्टा जरा लांबली आहे. मर्ना पहाटेच वेंडेलच्या ट्रकमधून नदीवर. जाताना म्हणाली, तू येऊ नकोस हं. म्हणून मी खाली गेलो नाही, पुलावर थांबलो. तिचं मनगट फार वळत होतं. ओरडून सांगितलं. तिने हात केला. मीही केला. घरी आल्यावर म्हणाली, तो हात 'घरी जा' असा होता, आणि चार वेळा केला.
तिला एक ट्राउट लागला. नवशिक्याचं नशीब.

२६ जुलै
मर्ना जेवताना म्हणाली, क्लेटन, नीट ऐक. वेंडेलचा तुझ्यावर राग नाही. पण तुझी टकळी थांबत नाही रे. त्याचे कान किटलेत.
यावर बराच विचार केला. मर्ना शेजारी होतीच, म्हणून मोठ्याने केला. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.
निष्कर्ष: वेंडेलला कानाचा त्रास सुरू झालाय. या वयात होतो. आमच्या ओळखीतल्या कानाच्या डॉक्टरचा फोन नंबर त्याच्या दुकानाच्या दारावर चिकटवून आलो. मैत्री म्हणजे आणखी काय असतं?

९ ऑगस्ट
स्पर्धावाल्यांनी मला म्हाताऱ्या हॉगनबरोबर टाकलंय. म्हणे दुसरं कुणी तयार झालं नाही. माझ्या तोडीचं खेळायचं दडपण येतं लोकांना.
आज प्रॅक्टिस केली. पाण्यात उतरण्याआधी हॉगनने कानातलं मशीन काढून शर्टच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं. भिजू नये म्हणून. पाणी घोट्याएवढं होतं. पण माणूस वस्तू जपणारा.
काय ऐकून घेतो! दिवसभर शिकवलं, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. सारखा हसतमुख. वेंडेलने यातलं अर्धं जरी घेतलं असतं!
मासे: हॉगनचे तीन. माझा एकही नाही. माझ्या माशीचा रंग किंचित चुकतोय.

२३ ऑगस्ट
दुपारी पुलावरून दिसलं. ज्या सपाट खडकावर वेंडेल आणि मी सँडविच खायचो, तिथे तो आणि मर्ना बसले होते. कुणी काही बोलत नव्हतं. दोघं पाण्याकडे बघत खात होते. कीव आली. विषयच नाहीत दोघांकडे.
तरी मी तिथे बराच वेळ थांबलो. ओरडलो नाही.
रात्री जेवण गेलं नाही. आधी 'उन्हामुळे' असं लिहिलं होतं, ते खोडलं. मला वेंडेलशिवाय करमत नाही. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय!

१३ सप्टेंबर
स्पर्धा.
शिट्टी वाजली. काठी मागे नेताना नजर कुठे ठेवायची, ते मी हॉगनला करून दाखवत होतो. माशी विलोत अडकली. ओढली. तुटली. पंच म्हणाला, मिस्टर, तुम्ही बाद. मी म्हटलं, अहो, हे प्रात्यक्षिक होतं. म्हणाला, काठावर जाऊन बसा.
हॉगनला चार मासे. मशीन खिशातच.
मर्ना आणि वेंडेल पहिले आले. वेंडेल आयुष्यात पहिल्यांदा जिंकला. टोपी उडवली, मर्नाला उचललं, हॉगनचा मुका घेतला. मग मला बघितलं आणि एकदम खाली मान घातली, जणू चोरी केली होती. हे मला मुळीच आवडलं नाही. त्यांच्या डोहात मासे आपोआप कसे येतात, यावर माझं भाषण तयार होतं. ते बाहेरच पडेना. 'अभिनंदन' एवढंच म्हणालो.
तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, शनिवारी ये आमच्याबरोबर. पण एक अट. नदीवर तोंड उघडायचं नाही. अवाक्षर नाही. मर्ना म्हणाली, जमेल का रे तुला? मी म्हटलं, का नाही जमणार, आणि का जमेल ते सांगायला लागलो. तिने माझा हात जोरात दाबला.

२० सप्टेंबर
गेलो. बोललो नाही.
वेंडेल घसरला तेव्हा बोललो नाही. मर्नाने चुकीच्या दगडावर पाय दिला तेव्हाही नाही. दगड बरोबरच निघाला.
ते दोघं माझ्याकडे पाठ करून वरच्या वळणावर उभे होते. आणि मला ट्राउट लागला. दीड वीत. या नदीत एवढा कुणाला लागलेला मी ऐकलेला नाही. पोटाला नारिंगी, अंगावर लाल ठिपके. हातात गार लागत होता. हाक मारायला तोंड उघडलं. मिटलं. माशाला पाण्यात धरून ठेवलं, कुणी वळून बघतंय का वाट बघितली. कुणी बघितलं नाही. सोडून दिला.
परत येताना ट्रकमध्ये मी मधल्या सीटवर. वेंडेल म्हणाला, क्लेटन, आज तुझ्याबरोबर काय मजा आली रे! बारा वर्षांत असा दिवस गेला नव्हता. मर्ना म्हणाली, खरंच.
मग म्हणाला, पुढच्या शनिवारी येशील?
मी मान डोलावली.