दुपारी बाराला निघून दुपारी बाराला

चि. रोदिओनला मॉस्कोहून मात्वेय भावोजींचे आशीर्वाद. तुझी कंबर, तुझ्या बायकोचा खोकला आणि तुमच्या घरामागचा ज्वालामुखी, तिन्ही सध्या शांत असतील असे धरून चालतो. इकडे मी आणि तुझी बहीण लीदा बरे आहोत. तुझ्या आईविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल.

तू त्यांना पेत्रोपाव्लोव्स्कला दुपारी बाराच्या विमानात बसवलेस. विमान जवळजवळ सात हजार किलोमीटर उडून नऊ तासांनी मॉस्कोला टेकले, तेव्हा इथे दुपारचे बाराच वाजले होते. (तुमचे घड्याळ आमच्या नऊ तास पुढे, हे आपण शाळेत घोकले आहे. सासूबाईंनी बहुधा त्या दिवशी दांडी मारली असावी.) वैमानिकाने इथली वेळ सांगितली, सगळे उतरले आणि सासूबाई पट्टा बांधून बसून राहिल्या. हवाई सुंदरी म्हणाली, "आजी, मॉस्को आलं." तर म्हणतात, "पोरी, आत्ताशी बारा वाजलेत. अजून सुटायचंय." शेवटी मला आत बोलावून घेतले. ओळखीचा जावई दिसल्यावर त्या उठल्या, पण थेट चौकशीच्या खिडकीवर गेल्या. "दोनदा जेवले, पाय सुजले, शेजाऱ्याचं घोरणं ऐकलं. एवढं सगळं होऊन वेळ गेलाच नाही म्हणता? मग माझे नऊ तास कुठायत?" खिडकीतला बिचारा म्हणाला, "आजी, ते तुम्हाला फुकट मिळालेत. परत जाताना कापून घेतो." (इथे त्याने तोंड आवरायला हवे होते.) मागे रांगेतला एक निवृत्त कर्नल लगेच म्हणाला, की त्याचा निम्मा वाढदिवस असाच कापला गेला आणि कोणी दिलगिरीही व्यक्त केली नाही.

झाले. इथून बाराला निघाले की तिकडे दुसऱ्या दिवशीची पहाट उजाडते, हे कळल्यावर सासूबाईंनी जाहीर केले, "या वयात मी कुणाला अख्खी रात्र देत नाही." आणि बारा वाजलेत म्हणून तिसऱ्यांदा जेवायला मागितले. आता आमच्या इमारतीतल्या दोन आजी कालिनिनग्रादला जायच्या विचारात आहेत. तिथे आणखी एक तास मिळतो म्हणे.

तुझा,
मात्वेय

ता. क. शनिवारचे परतीचे तिकीट आहे. तू स्वतः येऊन त्यांना घेऊन जा.

ता. क. येऊ नकोस. काल बटाटे सोलताना त्या म्हणाल्या, "मात्वेय, घड्याळाचं कळतं रे मला. हे गेल्यापासून तिथली संध्याकाळ संपता संपत नाही. रोद्याला सरळ सांगितलं असतं तर रडत बसला असता." तेव्हा त्यांचा जाड कोट आणि मांजर पाठवून दे.

ता. क. लीदाला यातले काहीच माहीत नाही. मायलेकी एका स्वयंपाकघरात किती टिकतात ते तू पाहिले आहेस. तिला तूच फोन करून सांग. तू सात हजार किलोमीटरवर आहेस, मी शेजारच्या खोलीत.