दुपारच्या सरीची नोंद

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हवामान कार्यालयातून निरीक्षक म्हणून निवृत्त, गल्लीतल्या लहानथोरांचा हवामानकाका, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, असे ते तोंडी म्हणाले. दाखल्यात फक्त डोक्याचे लिहिले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात जे लिहायला हवे होते तेच नेमके राहिले होते.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढचा व्हरांडा आणि अंगण, माझ्या एकुलत्या मुलीला. व्हरांड्याच्या पत्र्याला वायव्य कोपऱ्यात भोक आहे. वायव्येकडून पाऊस क्वचित येतो म्हणून मी ते बुजवले नाही. तिने बुजवावे, बापाच्या अंदाजावर राहू नये.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलीलाच. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तीन. अंगणातला पर्जन्यमापक, त्याचे मोजपात्र, दोन तापमापक आणि भिंतीवरचा वायुभारमापक गल्लीच्या टोकाच्या शाळेला. अट एकच. नोंद रोज सकाळी साडेआठला, यंत्रापाशी जाऊन, डोळा पाण्याच्या पातळीला आणून घ्यावी. खिडकीतून बघून आकडा लिहिणाऱ्या मास्तरांच्या हाती ही यंत्रे देऊ नयेत.

कलम चार. कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला, ज्याला आम्ही खुर्चीमहाराज म्हणत असू, माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. थंडीतल्या एका सकाळी तो बाहेर न जाता बसल्याजागी तापमान लिहून मोकळा झाला. त्याने १४.२ लिहिले, मी जाऊन पाहिले तर १३.६ होते. मी वर लेखी तक्रार केली आणि त्याची बढती दोन वर्षे अडली. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की खोटी नोंद करणाऱ्याने या खात्यात राहू नये. घड्याळासोबत त्याला या मृत्युपत्राचे सहावे कलम वाचून दाखवावे. त्याने आळसाने अंदाज लिहिला होता. माझ्या बाबतीत आळसाचा काही संबंध नव्हता.

कलम पाच. शाईचे पेन नातीला. छत्री जावयाला. ही छत्री बायकोने मला निवृत्तीच्या दिवशी दिली होती आणि ती अजून कोरी आहे. हवामान खात्याचा माणूस कोरड्या दिवशी छत्री घेऊन निघाला तर लोक काय म्हणतील, असे मला वाटे. त्यापायी मी किती वेळा भिजलो याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही.

कलम सहा. आता कोब्याविषयी. वरची पाच कलमे मी इथे पोहोचायला उशीर व्हावा म्हणून लांबवली, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल.

अकरा वर्षांपूर्वी मुलीने आणि जावयाने पहिली गाडी घेतली. दहा दिवसांनी ती दोघे गाडी घेऊन येणार होती. अंगणात चिखल होई, म्हणून फाटकापासून व्हरांड्यापर्यंत, अठरा फूट लांब आणि दहा फूट रुंद, काँक्रीटचा कोबा करायचे मी ठरवले. चौकशी करून एक ठेकेदार नेमला. माणूस पन्नाशीचा, स्वतःचे मिक्सर मशीन असलेला. आधी त्याने मला आपली तीन कामे दाखवायला नेले आणि प्रत्येक ठिकाणी बाटलीतले पाणी ओतून ते कसे गटाराकडे जाते ते दाखवले. त्याचे बोलणे ऐकून गल्लीतल्या आणखी सहा घरांनी ठरवले, की काकांचा कोबा बघायचा आणि आपलाही यालाच द्यायचा.

कामाच्या सकाळी खडी, वाळू, सिमेंट सगळे येऊन पडले. ठेकेदार मात्र फाटकात उभा राहून वर बघत होता.

"साहेब, हवा बरोबर वाटत नाही. दोन दिवस थांबू या."

"कोब्यावर गाडी चढवायला किती दिवस लागतात?"

"आठ-दहा दिवस तरी द्या त्याला."

"मग आजच व्हायला हवा."

"करतो की. पण माझी ताडपत्री दुसऱ्या साइटवर आहे. ती आणवतो, मग सुरू करू."

फाटकाशी तोवर चार शेजारी जमले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "एकतीस वर्षं आकाश वाचलंय मी. आज एक थेंब जरी पडला तरी मिशी उतरवीन. घाला माल!"

सगळे हसले. ठेकेदारही हसला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच."

भिंतीवरचा वायुभारमापक सकाळपासून उतरत होता, म्हणजे पावसाचीच खूण. तो मी दोनदा पाहिला होता.

साडेबाराला काम संपले. ढाळ बरोबर, कडा सरळ, वर झाडू ओढून काढलेल्या बारीक रेघा. इतके नेटके काम आमच्या गल्लीत त्याआधी झाले नव्हते. मजुरांना जेवायला पाठवून ठेकेदार म्हणाला, "तरी मी ताडपत्री घेऊनच येतो." मी नको म्हणून हात हलवला.

अडीचच्या सुमारास सर आली. बायको दोरीवरचे कपडे काढायला धावली आणि तिथूनच ओरडली, "अहो, माळ्यावरचं प्लास्टिक काढा! टाका त्याच्यावर!"

"थांबेल आता."

"कधी थांबेल? सगळं वाहून गेल्यावर?"

मी व्हरांड्यात हात मागे बांधून उभा राहिलो. प्लास्टिक माळ्यावर हाताशी होते, शिडी भिंतीलाच टेकवलेली होती, आणि तेव्हा गुडघेही चांगले होते. पण ते पांघरताना कोणी पाहिले असते तर माझा अंदाज चुकला हे गल्लीभर झाले असते. पंधरा मिनिटे मी समोरचे सिमेंट राखाडी पाणी होऊन गटारात जाताना पाहिले. रेघा गेल्या, मग वरचा थर गेला, मग खडी उघडी पडली. नंतर मी खाली उतरून मोजपात्रात पाणी मोजले. ६.१ मिलिमीटर.

संध्याकाळी सात दहाला दुसरी सर आली. ती सगळ्यांनी पाहिली, कारण तोवर सगळे घरी परतले होते. दुपारी गल्लीत बहुतेक कोणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक जमले. ठेकेदार म्हणाला, "दुपारच्या सरीनं धुतलं." लोक म्हणाले, "कुठली दुपारची सर?" आवाज चढू लागले तेव्हा गल्लीच्या समितीच्या अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका, मध्ये पडल्या. "भांडू नका. काकांची वही आणा. ती खोटं बोलत नाही."

वही तयार होती. साडेआठलाच मी नोंद केली होती: एकूण पाऊस ९.४ मि.मी., सायंकाळी ७.१० ते ७.५०. आकडा खरा होता. वेळ खोटी होती. दुपारची सर मी संध्याकाळच्या सरीत घालून टाकली होती.

बाईंनी वाचले आणि हिशेब मांडला. "साडेबाराला काम झालं, सातला पाऊस आला. साडेसहा तासांत घट्ट झालेला कोबा एवढ्याशा पावसानं धुतला जातो? म्हणजे मालातच पाणी जास्त होतं." मी मान डोलावली. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुम्ही घरीच होतात ना?"

"वहीत आहे ते आहे," मी म्हणालो.

गर्दीत कोणीतरी "पाणचट ठेकेदार" म्हणाले आणि हशा पिकला. ते नाव त्याला चिकटले. सहाही घरांनी काम दुसऱ्याला दिले. नाव पुढच्या गल्ल्यांतही त्याच्या आधी जाऊन पोहोचू लागले. वर्षभरात त्याने मशीन विकले आणि तो दुसऱ्यांच्या हाताखाली फरशा बसवू लागला. मला हे सगळे वेळच्या वेळी कळत होते. पडलो तरी नाक वर, ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती. ती माझ्यावरच रचली असावी इतकी बसते. मिशी अजून आहे.

बायकोनेही त्या दिवशी वहीतली वेळ ऐकली. तोवर ती रोज सकाळी कपड्यांची बादली घेऊन दाराशी थांबे आणि विचारी, "काय हो, वाळत घालू ना?" त्यानंतर तिने कधी विचारले नाही. स्वतः अंगणात जाऊन वर पाही आणि मग कपडे घाली. आठ वर्षे, ती जाईपर्यंत. भांडली असती तर मी कदाचित तिच्यापाशी तरी कबूल केले असते. मला तिची लाज वाटत राहिली आणि अजून वाटते.

तो कोबा मी पुन्हा करून घेतला नाही. मुलीची गाडी त्यावरच उभी राहते. त्याची वाळू अजून सुटते आणि चपलेबरोबर घरात येते. रोज सकाळी मीच झाडतो.

कलम सात. त्या वर्षाची नोंदवही त्या ठेकेदाराला द्यावी. तसेच माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत सहावे कलम समितीच्या फळ्यावर लावावे, म्हणजे त्याचे नाव स्वच्छ होईल.

(या संपूर्ण कलमावर एक आडवी रेघ मारून शेजारी सही केली आहे. कारण पुरवणीत.)

पुरवणी. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला काही द्यायचे त्याचा पत्ता लिहावा लागतो. म्हणून परवा मी ठेकेदाराला शोधत गेलो. बसथांब्यामागच्या नव्या इमारतीत तो जिन्याच्या फरशा बसवत होता. केस पांढरे झाले आहेत. मला पाहून उठला, हात पुसले.

"पत्ता कशाला हवाय, साहेब?"

तिथेही मला दुसरे काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तोंडात शब्द तयार होता. पण मी खिशातून हा कागद काढला आणि जिन्याच्या पायरीवर बसून सहावे आणि सातवे कलम वाचले. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे हे तुम्ही गेल्यावर लावणार?"

"हो."

"बरं आहे. तुम्ही सुटणार, आणि मी तुमच्या मरणाची वाट बघत बसणार. साहेब, माझं वय बासष्ट. गेल्या साली छातीत कळ येऊन गेली. आधी मीच गेलो तर?"

मी कागदाची घडी घातली. तो फरशीवरचे सिमेंट बोटाने खरवडत राहिला आणि मग म्हणाला, "वेळ पण तुम्ही नुसती अडीचच्या सुमारास लिहिलीय. दोन पस्तीस. मी तुमच्या फाटकापाशी होतो."

"कधी?"

"सर आली तेव्हा. ताडपत्री खांद्यावर घेऊन पळत आलो होतो. तुम्ही व्हरांड्यात हात मागं बांधून उभे. वाटलं, एवढा जाणता माणूस शांत उभा आहे म्हणजे आता काही उपयोग नसेल. तसाच मागं फिरलो."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? वही तुमच्याकडं होती."

अकरा वर्षे मला वाटत होते की मला कोणी पाहिले नाही. मी खाली मान घालून विचारले, "काय करू आता?"

"वही नको मला. घरात ठेवू कुठं? बाईंच्या समोर बोला. तुमच्या तोंडानं. मी येतो."

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक मुख्याध्यापिकाबाई ठरल्याच होत्या, त्या आता निवृत्त आहेत. दुसरा साक्षीदार म्हणून मी ठेकेदाराला विचारले. वकीलबाईंनी बजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, सातवे कलम बाद होईल. तो म्हणाला, "होऊ दे की."

आज सकाळी दोघे माझ्या पुढच्या खोलीत आले. मी सहावे कलम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग त्या वर्षाची वही उघडली. आमच्या खात्यात चुकीची नोंद कधी पुसून टाकत नसत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर बरोबर नोंद लिहायची, शेजारी सही करायची, म्हणजे चूकही वाचता येते. मी रेघ मारली आणि लिहिले: दुपारी २.३५ ते २.५०, ६.१ मि.मी.; सायंकाळी ७.१० ते ७.५०, ३.३ मि.मी. रेघ वाकडी आली आहे.

बाईंनी वही जवळ ओढून दोन्ही नोंदी वाचल्या. मग ठेकेदाराला म्हणाल्या, "मी अकरा वर्षं तुम्हाला पाणचट म्हणत आले. सगळ्यांदेखत."

"ठाऊक आहे, बाई."

"मग आता सगळ्यांदेखतच मागे घेते." चष्मा पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "आणि काका, आज संध्याकाळी समितीची सभा मी बोलावतेय. वही तुम्ही घेऊन यायची. वाचायचीही तुम्हीच."

येतो, असे मी म्हणालो आहे. या कागदावर लिहिले म्हणजे जावेच लागेल.

मग मी ठेकेदाराला विचारले की कोब्याचे काय करावे. त्याने व्हरांड्यातून वाकून पाहिले, टाचेने एक कड दाबून पाहिली. "फोडायला लागेल सगळा. नवा घालू. पण दिवस मी ठरवणार." मुलीने हे पाळावे. दिवस त्यानेच ठरवावा.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, त्यांनी ऐकला, मग मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केल्या.

सही: निवृत्त निरीक्षक, मृत्युपत्र करणारा
साक्षीदार पहिला: निवृत्त मुख्याध्यापिका, समितीच्या अध्यक्ष
साक्षीदार दुसरा: काँक्रीटचे ठेकेदार

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: एकोणीस एप्रिल, सकाळी अकरा

शेरा: आकाश दोन अष्टमांश ढगाळ, वारा मंद. माझ्या मते आज पाऊस नाही. दुसरे साक्षीदार म्हणतात, दुपारी येईल. दोरीवरचे कपडे आत घेतले.